साडेएकोणतीस अंश

लेथवर आटे पाडण्याचे काम लांबून पाहणाऱ्याला फार साधे वाटते. चकमध्ये धरलेला जॉब फिरत असतो, कॅरेज ठरलेल्या गतीने पुढे सरकत असते आणि टूलचे टोक पोलादावर एक मळसूत्री रेघ ओढत जाते. तीच रेघ पुन्हा पुन्हा गिरवून खोल केली की आटे तयार होतात. मात्र ही रेघ खोल करण्यासाठी टूल आत कोणत्या दिशेने सरकवायचे, या एका प्रश्नावर चांगला टर्नर आणि कामचलाऊ टर्नर वेगळे ओळखता येतात.

टूल सरळ आत सरकवता येते. त्यासाठी क्रॉस स्लाइड असतेच. परंतु साठ अंशांचे टोक सरळ आत घुसले, तर त्याच्या दोन्ही कडा एकाच वेळी कापू लागतात. दोन्ही बाजूंनी निघालेला कीस अरुंद खाचेत एकमेकांवर आदळतो, टूल थरथरते आणि आट्याची बाजू ओरबाडल्यासारखी खडबडीत होते. म्हणून क्रॉस स्लाइडवर बसवलेली लहान कंपाउंड स्लाइड तिच्या अंशांच्या चकतीवर तिरकी फिरवतात आणि टूल तिच्या चाकाने आत देतात. आट्याच्या दोन बाजूंमधला कोन साठ अंशांचा. म्हणजे प्रत्येक बाजू उभ्या रेषेपासून तीस अंश कललेली. असे असूनही जाणता टर्नर कंपाउंड तीस अंशांवर न लावता साडेएकोणतीसवर लावतो.

हा अर्धा अंश कशासाठी? कंपाउंड बरोबर तीसवर असेल, तर टूलची पुढची कड कापते आणि मागची कड आट्याच्या बाजूला केवळ घासत राहते. साडेतीसवर गेली, तर मागची बाजू कापलीच जात नाही आणि तिच्यावर प्रत्येक फेरीची एक अशा बारीक पायऱ्या उरतात. साडेएकोणतीसवर मात्र पुढची कड जवळजवळ सगळे काम करते आणि मागची कड प्रत्येक फेरीत नुसती हलकी साल काढत बाजू साफ ठेवते. दोन मिलिमीटर पिचच्या आट्यासाठी कंपाउंड सुमारे १.४१ मिलिमीटर आत जाते. तेवढ्या सगळ्या प्रवासात या अर्ध्या अंशाने निघणारी साल मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहून थोडीशीच जास्त असते. तरी तेवढ्यानेच आट्याला आरशासारखी बाजू मिळते.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका पत्र्याच्या शेडमध्ये चाळीसहून अधिक वर्षे लेथ चालवणाऱ्या एका गृहस्थांना हा अर्धा अंश शिकवावा लागला नव्हता. घरी आणि बाहेर सगळे त्यांना तात्या म्हणत. सकाळी जिनमंदिरात दर्शन आणि मग शेड, हा त्यांचा क्रम कधी चुकला नाही. शेडमध्ये हिशेब लिहिताना ते जुन्या वहीखात्याच्या वळणाने अर्ध्यासाठी दोन उभ्या रेघा ओढीत. त्यांच्या जुन्या लेथच्या हेडस्टॉकवर पांढऱ्या ऑइलपेंटने ‘२९॥’ असे लिहिलेले होते. पाहुण्यांना तो कसला तरी नोंदणी क्रमांक वाटे.

त्यांच्या मुलाने डिप्लोमा केला होता. काही वर्षे एमआयडीसीतल्या सीएनसी यंत्रांवर काम करून तो घरच्या धंद्यात परतला. आट्यांच्या शास्त्रात तो कच्चा नव्हता. सीएनसीवरच्या जी ७६ या चक्रातही टूल एका बाजूने कापत आत जावे म्हणून आट्याचा कोन आकड्यात लिहावा लागतो, हे त्याला ठाऊक होते. फरक इतकाच की तिथे कोन पडद्यावर लिहिला जातो, इथे तो हाताने लावावा लागतो.

त्याच वर्षी त्यांनी एक वापरलेला पण चांगल्या स्थितीतला दुसरा लेथ घेतला. मुलाने त्यावर कंपाउंड साडेएकोणतीसच्या रेघेवर लावली, दोन मिलिमीटर पिचचा आटा धरला आणि हिशेबाप्रमाणे १.४१ मिलिमीटर आत दिले. आट्याची खोली यायला हवी होती १.२३ मिलिमीटर; भरली ती ०.७० सुद्धा नाही. शिवाय आटे करवतीच्या दातांसारखे एका बाजूला कललेले. टूल तपासले, गिअर तपासले, सगळे ठीक होते.

तात्यांनी चकतीकडे एकदा पाहिले. जुन्या लेथवर कंपाउंड क्रॉस स्लाइडच्या दिशेत, म्हणजे जॉबच्या अक्षाशी काटकोनात असताना चकती शून्य दाखवी. नव्या लेथवर कंपाउंड जॉबच्या अक्षाला समांतर असताना शून्य येत होते. एकाचे साडेएकोणतीस म्हणजे दुसऱ्याचे साडेसाठ. मुलाने वैतागून विचारले, “मग तात्या, यातला बरोबर लेथ कुठला?”

“दोन्ही बरोबर,” तात्या म्हणाले. “कुठनं मोजलंय तेवढं सांग, मग आकडा सांग.”

त्या दिवशी नव्या लेथवर ‘६०॥’ असा आकडा पांढऱ्या रंगात उमटला.

जैन घरात वाढलेल्याला हे वाक्य नवे वाटण्याचे कारण नाही. तत्त्वार्थसूत्राच्या पहिल्याच अध्यायात वस्तूचे ज्ञान प्रमाण आणि नय या दोहोंनी होते असे सांगितले आहे. नय म्हणजे वस्तूकडे पाहण्याची एक विशिष्ट अपेक्षा. त्या अपेक्षेपुरते केलेले विधान खरे असते. मात्र अपेक्षा लपवून तेच विधान संपूर्ण सत्य म्हणून मांडले की तो नयाभास होतो. साडेएकोणतीस हा आकडा काटकोनाच्या अपेक्षेने खरा आहे, अक्षाच्या अपेक्षेने खोटा आहे. कोन ही मुळात एकट्या रेषेची गोष्टच नाही. तो दोन रेषांमधला संबंध आहे. दुसरी रेषा कोणती हे न सांगता अंश सांगणे म्हणजे ‘स्यात्’ गाळून बोलणे. प्रवचनात हे ऐकताना माना डोलतात. लेथवर मात्र ते विसरले, तर पोलादाचा तुकडा फुकट जातो आणि चूक लगेच डोळ्यांपुढे उभी राहते.

मात्र काही चुका अशा असतात, की त्या डोळ्यांपुढे उभ्या राहत नाहीत. त्या शेडमध्ये असा प्रसंग पुढे थोड्याच दिवसांत आला. तो नीट कळण्यासाठी आट्यांच्या कोनांचा थोडा इतिहास पाहिला पाहिजे.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत इंग्लंडमध्येसुद्धा प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे होते. एका कारखान्याचा नट दुसऱ्याच्या बोल्टवर बसेल याचा भरवसा नव्हता. जोसेफ व्हिटवर्थ यांनी अनेक कारखान्यांतले स्क्रू गोळा केले, त्यांच्या मापांची सरासरी काढली आणि १८४१ मध्ये पंचावन्न अंशांच्या, माथा व तळ गोलाकार असलेल्या आट्याचे प्रमाण सुचवले. पुढे १८६४ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या विल्यम सेलर्स यांनी साठ अंशांचा आटा मांडला. साठ अंशांचा कोन समभुज त्रिकोणाचा. तो आखायला आणि तपासायला सोपा. आजचा मेट्रिक आटाही साठ अंशांचाच आहे. भारतात १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापे आली, तरी इंग्रजी काळातली आणि त्या वळणावर घडलेली यंत्रे काही एका दिवसात गेली नाहीत. नळांच्या जोडांवर तर पंचावन्न अंशांचा आटा आजही नांदतो आहे.

यातली फसवी गोष्ट अशी, की व्हिटवर्थ आणि अमेरिकन आट्यांच्या पुष्कळ मापांत इंचामागे आट्यांची संख्या सारखीच आहे. पाऊण इंची व्यासाला दोन्हीकडे इंचाला दहा आटे. अर्ध्या इंचाला मात्र एकीकडे बारा, दुसरीकडे तेरा; तिथे चूक झाली तर नट दोन फेऱ्यांत अडकतो आणि माणूस सावध होतो. पाऊण इंचीत काहीच अडकत नाही. साठचा बोल्ट पंचावन्नच्या नटात गुपचूप फिरत जातो.

दशलक्षण पर्व होऊन पंधरवडा उलटला होता. गुऱ्हाळे सुरू व्हायच्या तयारीत होती. जवळच्या गावातले एक गुऱ्हाळमालक आपल्या जुन्या उसाच्या चरकाचे स्टड घेऊन आले. चरकाच्या रुळांची बेअरिंगे ज्या टोप्यांखाली बसतात, त्या टोप्या धरून ठेवणारे हे सोळा स्टड गंजून झिजले होते. स्टडचे एक टोक चरकाच्या बिडाच्या अंगातच आट्यांनी बसते, दुसऱ्यावर नट येतो. चाचणीसाठी एक जुना नटही त्यांनी सोबत आणला होता.

मुलाने माप घेतले: व्यास पाऊण इंच, पिच गेजवर इंचाला दहा आटे. त्याच्या तक्त्यात पाऊण इंच आणि दहा आटे या जोडीपुढे साठ अंश लिहिलेले होते. त्याने साठचे टूल घासले, सेंटर गेजवर ताडून पाहिले, कंपाउंड व्यवस्थित साडेएकोणतीसवर लावली आणि दोन दिवसांत सोळाही स्टड उतरवले. काम सुरेख झाले होते. बाजू चकचकीत, माप नेमके, आणि जुना नट प्रत्येक स्टडवर शेवटपर्यंत बोटांनी फिरत होता.

संध्याकाळी गुऱ्हाळमालक टेम्पो घेऊन आले. तात्यांनी एक स्टड हातात घेतला आणि गेजचे पंचावन्न अंशांचे पान त्याच्या आट्यात धरून दाराच्या उजेडाकडे केले. पान तळाशी टेकले होते. वरच्या अंगाला मात्र दोन्ही बाजूंनी केसाएवढी प्रकाशाची फट दिसत होती. त्यांनी दुसरा स्टड घेतला, तिसरा घेतला. मग सगळे स्टड परत बाकावर मांडून ठेवले.

“हे द्यायचे नाहीत,” ते म्हणाले.

गुऱ्हाळमालकांना कारण कळेना. “नट फिरतोय न्हवं तात्या? मग झालं की!”

“नट फिरतोय. पण धरतोय काय?”

मुलाला चूक उमगली, तसा तो मार्गही शोधू लागला. त्याने सुचवले, की साठ अंशांचे नवे सोळा नट करून दिले तर स्टड आणि नट यांची जोडी जुळेल. विचार योग्य होता, पण अर्धाच. नट बदलता येतात. स्टडचे दुसरे टोक ज्यात बसते, ते बिडाचे अंग कसे बदलणार? त्यातले आटे पंचावन्नचेच राहणार. साठचा आटा बुंध्याशी रुंद आणि टोकाशी निमुळता. तो पंचावन्नच्या खाचेत बसला, की दोन्ही बाजू पूर्ण अंगाने एकमेकींना भिडत नाहीत. स्टडच्या आट्याचा बुंधा बिडाच्या आट्याच्या टोकाला टेकतो आणि बाकी ठिकाणी पोकळी राहते. सगळा ताण त्या टोकाच्या अरुंद पट्टीवर येतो. पोलाद तो सोसेल; ठिसूळ बीड कसे सोसणार? हंगामाच्या ऐन भरात आटे एकेक करून झडतील, टोपी सैल होईल, रूळ जागचा हलेल. आणि त्या रुळापासून हातभर अंतरावर ऊस सारणारा माणूस बसलेला असतो.

गुऱ्हाळमालक घाईत होते. हंगाम तोंडावर आला होता, टेम्पोचे भाडे लागले होते, आणि इतकी वर्षे कोणते आटे कुठे बसले ते कोणी पाहिले होते, असा त्यांचा सरळ प्रश्न होता. मुलापुढेही हिशेब उभा होता: दोन दिवसांची मजुरी, सोळा तुकडे ईएन आठ पोलाद आणि नव्या लेथचा हप्ता. ते स्टड दिले असते, तर त्या दिवशी कोणाचीही तक्रार आली नसती. कदाचित पुढे चरक बिघडलाही असता, तरी दोष जुन्या बिडाला लागला असता. आट्यातली केसाएवढी फट उघडून पाहायला कोणी आले नसते.

नेमक्या याच जागी गृहस्थधर्माची कसोटी लागते. अचौर्याणुव्रताचे पाच अतिचार तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सांगितले आहेत. त्यांत कमीअधिक माप वापरणे हा एक आहे आणि अस्सलाच्या जागी त्याच्यासारखा दिसणारा नकली माल देणे, म्हणजे प्रतिरूपक व्यवहार, हा दुसरा. दुधात पाणी आणि तुपात चरबी एवढ्यापुरताच हा अतिचार मर्यादित आहे असे आपण समजतो. परंतु पंचावन्नच्या जागी बसणारा साठचा आटा हे प्रतिरूपकाचे किती नेमके उदाहरण आहे! तो दिसतो तसाच, फिरतो तसाच, मोजला तर व्यास आणि पिचही तेच. फक्त ज्या कामासाठी आटा असतो ते भार पेलण्याचे काम तो अर्धेमुर्धे करतो. नकळत झाला तोवर तो दोष अज्ञानाचा. गेजमधून उजेड दिसल्यानंतर टेम्पोत चढवला असता, तर तो व्रताचा दोष ठरला असता.

गृहस्थाला उद्योगी हिंसा सर्वस्वी टाळता येत नाही, हे आपले आचार्य जाणतात. भट्टी पेटते, यंत्रे फिरतात, शेती पिकते. म्हणूनच हिंसेच्या व्याख्येत प्रमादाला एवढे महत्त्व आहे. हात कापला जावा अशी इच्छा कोणताही टर्नर करीत नाही. पण ‘चालून जाईल’ असे म्हणताना तो ज्या सैलपणाला वाट देतो, तो प्रमादच होय. ‘नट फिरतो’ हे विधान खरे होते, पण एका नयापुरते. त्यावरून ‘स्टड चांगला आहे’ असे म्हणणे हा नयाभास होता, आणि त्याची किंमत चुकवणारा माणूस त्या शेडमध्ये हजरही नव्हता.

तात्यांनी गुऱ्हाळमालकांना तीन दिवसांची मुदत मागितली आणि टेम्पोचे भाडे स्वतःच्या खिशातून दिले. मुलाला ते रागावले नाहीत. रात्री त्यांनी पंचावन्न अंशांचे टूल स्वतः घासले, त्याचे टोक तेलाच्या दगडावर गोल केले आणि सकाळी मुलाला एवढेच विचारले, “बाळ, आता कंपाउंड कितीवर?”

पंचावन्नचे अर्धे साडेसत्तावीस, त्यातून अर्धा अंश वजा. “सत्तावीस,” मुलगा म्हणाला, आणि क्षणभर थांबून त्याने पुस्ती जोडली, “जुन्या लेथवर. नव्यावर त्रेसष्ट.”

नवे सोळा स्टड तिसऱ्या दिवशी गेले. पंचावन्नचे पान त्यांच्या आट्यात धरले असता कोठूनही उजेड येत नव्हता. आधीच्या सोळांचे पोलादही वाया गेले नाही. त्यांचे आटे उतरवून लहान व्यासाच्या कामांसाठी ते पुढच्या काही महिन्यांत वापरले गेले. त्या कामांत दोन दिवसांची मजुरी भरून निघाली नाही, आणि ती भरून निघाली असे तात्यांनी कधी सांगितलेही नाही.

दशलक्षणांत उत्तम आर्जव हे एक लक्षण आहे. आर्जव म्हणजे ऋजुता, सरळपणा. लेथवर हा सरळपणा मोठ्या गमतीने प्रकट होतो: टूल सरळ घुसवणाऱ्याच्या हातून आटा ओरबाडला जातो, आणि ज्याला कोनाची जाण आहे तो तिरका आत जाऊनही आटा सरळ, नितळ काढतो. सरळपणा हातवाऱ्याच्या दिशेत नसतो. जे दिसले ते जसेच्या तसे सांगण्यात आणि त्याप्रमाणे वागण्यात असतो.

त्या शेडमध्ये आता जॉबकार्डे छापील आहेत. पूर्वी त्यांवर व्यास, पिच आणि नग एवढेच रकाने असत. मुलाने त्यांत तीन रकाने वाढवले आहेत: आट्याचा कोन किती, कंपाउंडचा अंश कोठून मोजलेला, आणि हा आटा शेवटी कशात बसणार. तिसरा रकाना गिऱ्हाइकाला विचारल्याशिवाय भरता येत नाही. तो भरेपर्यंत लेथ सुरू होत नाही.